मँचेस्टरची मेट्रोलिंक: जुना लोहमार्ग की शहरातला रस्ता?
मँचेस्टरची मेट्रोलिंक ही ट्रामसेवा दोन प्रकारे वाढली. १९९२ मध्ये तिने बरी आणि ऑल्ट्रिंचम या गावांकडचे जुने उपनगरी लोहमार्ग वापरात घेतले. स्वतंत्र मार्ग व स्थानके आयती मिळाली, मात्र तिथल्या उंच फलाटांशी जुळवण्यासाठी शहराच्या रस्त्यांवरही उंच फलाट बांधावे लागले. २००० मध्ये पूर्ण झालेली एकल्सची मार्गिका मुख्यतः नव्याने टाकलेली असून काही भागात मोटारींसोबतच रस्त्यावरून धावते, त्यामुळे तिथे वेग साहजिकच कमी पडतो. तरीही ओल्डहॅमचे उदाहरण मला निर्णायक वाटते: २०१२ मध्ये जुन्या लोहमार्गावरून सुरू झालेली ट्राम २०१४ मध्ये मुद्दाम गावाच्या मध्यभागातून वळवण्यात आली आणि प्रवाशांना थेट बाजारपेठेजवळ उतरता येऊ लागले.