'जिवंत' म्हणून घेतलेलं मलम

गुडघा खरचटला होता. खपली पडून खालची गुलाबी कातडी दिसू लागल्यावर हे 'प्रोबायोटिक', म्हणजे उपकारक जिवंत जिवाणू असल्याचा दावा करणारं, मलम लावायला घेतलं. उघड्या जखमेवर लावलं नाही; सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेलं काहीही तिथे लावू नये.

तीन आठवडे लावलं. चिकटपणा नाही, वास किंचित आंबूस, खाज नक्की कमी झाली. पण श्रेय जिवाणूंना द्यायचं की त्यातल्या ग्लिसरीनला? घटकांची यादी वाचली तर 'लॅक्टोबॅसिलस लायसेट'. म्हणजे फोडलेल्या जिवाणूंचा अर्क! शिवाय त्यात फिनॉक्सिएथेनॉल, जिवाणू वाढू नयेत म्हणूनच घालतात ते. डबीवर मात्र 'जिवंत संरक्षण'. हसावं की रडावं?

जिवाणू त्वचेला मदत करू शकतात ही कल्पना खोटी नाही. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात, आम्लता रोगजंतूंना मानवत नाही. 2018 साली उंदरांवरच्या प्रयोगात त्वचेवरच्याच स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस या जिवाणूने चेतवलेल्या प्रतिकारपेशींमुळे जखम लवकर भरून आली. पण तो जिवंत जिवाणू होता, डबीतला अर्क नव्हे.

मॉइश्चरायझर म्हणून चार तारे, दाव्यासाठी एक. मधुमेह असेल किंवा जखमेतून पू येत असेल तर डबी बाजूला ठेवा, डॉक्टरांकडे जा.