पहाटेची फेरी की रात्रीची शतपावली? ठाण्याहून लोकलने नोकरीला जाणाऱ्यांसाठी

पन्नाशीला टेकलेल्या माझ्या बहुतेक मित्रांच्या रिपोर्टमध्ये हल्ली तेच सापडतं. फॅटी लिव्हर, साखर सीमारेषेवर, आणि डॉक्टर जरा खोलात जाणारे असले तर वाढलेली एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरात आतून किती दाह (सूज) चालू आहे हे दाखवणारी रक्ततपासणी. गोळी लगेच देत नाहीत. 'चालायला लागा, पोट उतरवा' एवढं सांगून घरी पाठवतात. मग प्रश्न उरतो की चालायचं कधी? गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हे विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. मी दोन्ही केलंय. पहाटेची फेरी दहा महिने केली आणि रात्री जेवणानंतर चालायला लागून आता दीड वर्ष होईल.

माझी एचएस-सीआरपी 4.1 आली होती. 1 च्या खाली असेल तर हृदयाचा धोका कमी, 3 च्या वर असेल तर जास्त, असं साधारण धरतात. सर्दी-तापात ही तपासणी करू नये, कारण तेव्हा आकडा उगाच चढतो. 10 च्या वर गेला तर बहुधा कुठला तरी संसर्ग असतो. म्हणून डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा करायला लावली. 3.8 आली. मला खरंच धक्का बसला, कारण मी अंगाने जाड नाही. हातपाय काटकुळे, फक्त पोट पुढे आलेलं. तेव्हा डॉक्टरांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण दिलं. 2004 साली त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपल्याकडचा देह. पोटातली ही चरबी नुसती साठून राहत नाही. ती दाहाचे संदेश रक्तात सोडत राहते आणि त्यांना उत्तर म्हणून यकृत सीआरपी बनवतं. ताप नाही, दुखणं नाही, पण आत वर्षानुवर्षं धुमसत राहतं.

ही धुमस खरोखर घातक आहे का, अशी शंका मलाही होती. 2017 साली एका मोठ्या चाचणीत, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांपैकी काहींना फक्त दाह कमी करणारं औषध दिलं. वाईट कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तरी मधल्या डोसवर पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्याच औषधाने जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. हे वाचल्यावर मला वाटलं, आपल्या हातातला उपाय आपण आधी मनापासून करून पाहावा.

पहाटेपासून सुरुवात करतो. मी पाचपाखाडीत राहतो, त्यामुळे कचराळी तलाव पायाखालचा. तिथे पहाटे साडेपाचला जे वातावरण असतं त्याला तोड नाही. गाड्या नाहीत, झाडांवर पक्ष्यांची गडबड, रोजचीच माणसं रोजच्याच दिशेने फिरताना. कोणी दोन दिवस दिसलं नाही तर विचारपूस होते. ट्रॅक सपाट, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. वेगाने चाळीस मिनिटं चाललं की आठवड्याला निदान दीडशे मिनिटं चालावं असं सांगतात तो हिशेब चार दिवसांत पुरा होतो, आणि दिवसभरात ऑफिसात काय घडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. सकाळचं झालं ते झालं. हा पहाटेचा खरा मोठेपणा आहे आणि तो मी आजही मान्य करतो. शिवाय ज्या बायकांना दिवसातला तेवढाच एक तास स्वतःचा मिळतो, त्यांनी तो कोणाच्या सांगण्यावरून सोडू नये.

माझं बिनसलं ते झोपेवरून. दादरला ऑफिस, आठच्या सुमाराची लोकल, त्याआधी अंघोळ, डबा, स्टेशनपर्यंत रिक्षा. पाऊण तास चालायचं तर गजर चार पन्नासचा लागायचा. लवकर निजे तो लवकर उठे, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण त्यातला पहिला अर्धा भाग माझ्या घरात होतच नव्हता. संध्याकाळी पावणेआठला घरी यायचं, चहा, मुलाची दहावी, आईची औषधं, बातम्या. पानं घ्यायला साडेनऊ-दहा वाजायचे. भरल्या पोटी झोप लागायला साडेअकरा. हिशेब केला तर सव्वापाच तास झोप, आठवड्यातले पाच दिवस.

सुरुवातीला जाणवलं नाही. मग डिसेंबरमधल्या एका सकाळी मी तलावाकाठच्या बाकावर बुटाची नाडी बांधायला वाकलो. डाव्या बुटाची बांधून झाली होती. पुढचं आठवतं ते कोणीतरी खांद्यावर हात ठेवला होता. रोज भेटणारे एक काका समोर उभे होते, मफलर गुंडाळलेले, चेहऱ्यावर काळजी. "अहो, बरं वाटत नाहीये का? मी दोन फेऱ्या मारून आलो, तुम्ही तसेच बसलाय." मी वाकलेल्या अवस्थेतच झोपलो होतो. उजव्या बुटाची नाडी तशीच लोंबत होती. त्या दिवशी मी एकही फेरी न मारता घरी आलो.

त्यानंतर मी नीट लक्ष द्यायला लागलो. मुलुंड येण्याआधी डोळे मिटायचे. दुपारी तीनला काहीतरी गोड किंवा तळलेलं खावंसं वाटायचं, आणि खायचोही. सकाळी बोटं आखडलेली असायची. झोप सतत तुटत राहिली की दाह वाढवणारी रसायनं वाढतात आणि इन्सुलिनचं कामही मंदावतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपण एका हाताने पाणी भरतोय आणि दुसऱ्या हाताने घागरीला भोक पाडतोय. चालण्यात खोट नव्हती. चालण्यासाठी मी जी झोप मोडत होतो, तिची किंमत जास्त होती.

आता रात्रीकडे येतो. शतपावली म्हणजे शंभर पावलं, आणि शंभर पावलांनी फारसं काही होत नाही, हे आधी सांगून टाकतो. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पंधरा ते वीस मिनिटं चालायचं. गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू हलायला लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर उचलतात. जेवणानंतरची साखरेची उसळी त्याने बसते, आणि या रोजच्या उसळ्याही दाहाला खतपाणी घालतात. 2013 साली साठीच्या पुढच्या दहा जणांवर अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं आणि सकाळी सलग पंचेचाळीस मिनिटं चालणं, दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम सारखाच. रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर मात्र जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. दहाच माणसं, त्यामुळे फार ताणू नये. पण माझ्या अनुभवाशी ते जुळतं.

यातली मेख अशी की शतपावलीसाठी जेवण अलीकडे ओढावं लागतं, आणि खरा फायदा तिथे आहे असं मला वाटतं. दहाला जेवून खाली उतरायला कोणी तयार होत नाही. आठला जेवलं तर होतं. आमच्याकडे हे जमायला महिना लागला. बायको सकाळीच आमटीची डाळ शिजवून फ्रीजमध्ये ठेवते, भाजी मी आदल्या रात्री चिरतो, मी आलो की हातपाय धुऊन थेट पानावर. संध्याकाळचा चहा बंद. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मुगाची आमटी, पालेभाजी, काकडी. भात रविवारी. पहिले काही दिवस जेवण झालं की ती ओट्याशी वळायची आणि मी टीव्हीपाशी, आणि तेवढ्यात वेळ टळायची. शेवटी तिनेच नियम केला. "अहो, खरकटं तसंच राहू दे, आधी खाली चला. वर आल्यावर भांडी दोघं मिळून घासू." तेव्हापासून खंड पडलेला नाही. पावसात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालतो. साडेदहाला झोप लागते, सव्वासहाला आपोआप जाग येते.

रात्रीच्या अडचणी आहेत. घोडबंदर रोडला लागून राहणाऱ्यांनी त्या वेळी मुख्य रस्त्यावर चालू नये. अवजड गाड्यांचा धूर आणि धूळ घेण्यापेक्षा सोसायटीच्या आतच फिरावं. भटकी कुत्री, उखडलेले फुटपाथ, पाहुणे, लग्नसराई हे सगळं आहे. आणि तलावपाळीला फिरायला गेलात तर खाण्याच्या गाड्यांवरून नजर हटवणं अवघड जातं. ज्यांना चालताना छातीत दडपल्यासारखं होतं त्यांनी भरल्या पोटी चालण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारावं.

आणि दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी ताकदीचा व्यायाम वेगळा करावा लागतो, आठवड्यातून दोनदा तरी. मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतो आणि भिंतीला टेकून जोर काढतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं? वर्षाने एचएस-सीआरपी 1.9 आली. पण त्याच वर्षात मी हिरड्यांचे उपचारही करून घेतले, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की हा आकडा वाढतो, त्यामुळे सगळं श्रेय शतपावलीला देणं बरोबर होणार नाही. मी दुसऱ्या गोष्टींवर जास्त विश्वास ठेवतो. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. पहाटेच्या दहा महिन्यांत तो एकच गेला होता. बोटं सकाळी सहज मिटतात. दादरपर्यंत मी जागा असतो, बहुतेक वेळा पुस्तक वाचत. तुमच्या शरीराचं गणित वेगळं असू शकेल. तुम्ही निवृत्त असाल, किंवा दहाला खरंच झोपत असाल, तर कचराळी, उपवन, ब्रह्माळा, जो तलाव जवळचा असेल तो गाठा, माझं ऐकू नका. पण संध्याकाळी साडेसातच्या पुढे ठाण्यात उतरणाऱ्याने गजर चारचा लावण्याआधी निदान महिनाभर जेवणाची वेळ बदलून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

ठरवायचं असेल तर एक करा. दोन आठवडे रोज फक्त दोन वेळा वहीत लिहा: जेवायला किती वाजता बसलात आणि दिवा किती वाजता मालवलात. मी लिहिल्या होत्या तेव्हा चौदापैकी अकरा दिवस जेवण साडेनऊनंतर होतं, आणि ती वही मी बायकोसमोर ठेवली.

रविवारी मात्र मी उपवनला जातो, गजर न लावता, जाग येईल तेव्हा.