अंगावर पोंचो, रात्री छत: शिवायला घेण्याआधी

पाऊस कोसळतोय, अंधार पडत आलाय आणि अंगावरचा पोंचो, म्हणजे मधल्या गळ्यातून डोकं काढून पांघरायचं पावसाळी कापड, काढून त्याचंच छत ताणायचंय. दोऱ्या बांधून होईपर्यंत तुम्ही भिजणार. हे ज्याला चालणार नाही त्याने रेनकोट वेगळा आणि ताडपत्री वेगळी घ्यावी. ओझं वाढेल, वैताग वाचेल. मी त्या पाच मिनिटांपुरतं एक पातळ जाकीट सॅकमध्ये वरच ठेवतो. एवढं पटत असेल तरच मशीन काढा.

कल्पना जुनीच आहे. सोव्हिएत सैनिकांची ‘प्लाश्च-पालात्का’ म्हणजे साधारण १८० सेंटिमीटरचा चौरस: अंगावर घ्या नाहीतर तंबू करा. जर्मन सैन्याचा १९३१ चा तुकडा त्रिकोणी होता, चार जोडले की तंबू उभा. दोन्ही सुती आणि वजनदार. आता हलकी कापडं मिळतात, आणि घोळही तिथूनच सुरू होतो.

सिलनायलॉन की सिलपॉली? दोन्हींवर सिलिकॉनचा लेप, पातळ प्रकारांचं वजन चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास. फरक मुळातल्या धाग्यात आहे. साधारण हवेत नायलॉन स्वतःच्या वजनाच्या ४ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून संध्याकाळी तबल्यासारखं ताणलेलं सिलनायलॉन मध्यरात्री झोळीसारखं लोंबतं आणि तुम्हाला उठून दोऱ्या आवळाव्या लागतात. तेवढ्याच वजनात नायलॉन फाटायला जास्त चिवट, हे खरं. काट्याकुट्यांतून वाट काढणाऱ्याने ते घ्यावं. माझं मत सिलपॉलीला, कारण झोपमोड मला सहन होत नाही.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, लेपाचं कापड शिवायला सोपं. ते कमी निसटतं आणि शिवणीवर सीलची पट्टी इस्त्रीने चिकटवता येते. सिलिकॉनवर ती पट्टी धरत नाही; तिथे सिलिकॉन सीलंट पातळ करून ब्रशने प्रत्येक टिपेवर फिरवावं लागतं. पण पीयू ओलं घडी करून ठेवलं की काही वर्षांत लेप चिकट होऊन सुटू लागतो.

टायवेक, म्हणजे प्लास्टिकच्या तंतूंचं न विणलेलं कापड, पहिल्या प्रयोगासाठी झकास. कात्रीने कापलं तरी धागे सुटत नाहीत, जोड टेपने होतात. मात्र चालताना कागदासारखं कुरकुरतं आणि घासून घासून तंतू उठले की पाणी आत येऊ लागतं. मी आधी त्यातच माप बेतलं, चुका तिथेच केल्या.

आता आकार, कारण खरी किंमत इथे मोजावी लागते. कापडाचा पन्हा बहुधा दीड मीटर. जोड न देता दीड बाय २.६ मीटरचा आयत निघतो, त्याचं कापड पावणेदोनशे ग्रॅम भरतं. अंगावर छान बसतो. गळा बरोबर मध्यावर मात्र कापू नका: पुढे १.१५ आणि मागे १.४५ मीटर ठेवलं तर पाठीवरची सॅक झाकली जाते आणि पुढचा काठ पायात येत नाही. छत म्हणून मात्र तो तोकडा. दुपाखी ताणला तर ५५ सेंटिमीटर उंचीला खाली जेमतेम एक मीटर रुंदी उरते. आत सरपटत जायचं, उठून बसायचं नाव नाही. एकपाखी ताणला, वरची कड ९० सेंटिमीटरवर बांधली, की १.२ मीटर खोली मिळते. बसता येतं, पण पुढची बाजू सताड उघडी. वारा फिरला की बोंबला.

दोन पन्हे जोडून सव्वादोन मीटर रुंदी केली तर रात्र सुखाची, दिवस मात्र कटकटीचा: बाजूचं कापड दुमडून बटणं लावा, कमरेला दोरी बांधा, तरी वाऱ्यात फडफड होणारच. एका काठीवर उभा राहणारा, शंकूसारखा बेतलेला केप या दोन्हींपेक्षा वाऱ्यात बरा टिकतो, चहूबाजूंनी आडोसाही देतो. पण त्याच्या कळ्या बेतणं आणि जोडणं नवशिक्याचं काम नाही. पहिला आयत शिवा.

गळ्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दुपाखी छतात तो आढ्यावर येतो. गळ्याला शिवलेली टोपी पिळून दोरीने वर ओढली की पाणी दोन्हीकडे ओघळतं. एकपाखीत तोच गळा उताराच्या मधोमध, वरचं सगळं पाणी त्याच्यावरूनच जातं. तिथे टोपी गुंडाळून तोंड उताराकडे करून घट्ट बांधा. एकपाखीच वापरणार असाल तर टोपीला लांब नाडी आधीच शिवून ठेवा.

शिवताना टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणी म्हणजे एक भोक, क्लिपा लावा. धागा पॉलिएस्टरचा, सुई ७० किंवा ८० नंबरची, टाके तीन मिलिमीटरचे. जोड असेल तर कडा एकमेकींत दुमडून दोन टिपा मारा. कोपऱ्यांना आणि काठांच्या मध्याला ठिगळ देऊन मगच दोरीचे फास शिवा, ताण तिथेच येतो.

आणि नदी उतरताना किंवा कातळ चढताना पोंचो काढून ठेवा. खाली पाहिलं तर पाय दिसत नाहीत, कापडच दिसतं.