ट्विन ब्लॉक वापरला, जबड्याच्या सांध्याचं काय झालं?

माझ्या मुलाचे वरचे दात पुढे दिसायचे, पण खरं म्हणजे खालचा जबडाच मागे होता. तेरावं संपत आलेलं, उंची भराभर वाढत होती. ऑर्थोडॉन्टिस्टनी (वेडेवाकडे दात आणि जबडा नीट करणारे डॉक्टर) बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेचे मणके बघून वाढ अजून बाकी असल्याचं सांगितलं आणि दातांना तारा लावण्याआधी ट्विन ब्लॉक, म्हणजे तोंडात बसवायच्या दोन प्लेटांचा संच, सुचवला. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली हा पहिल्यांदा वापरला. वर एक प्लेट, खाली एक. दोन्हींवरचे तिरके ठोकळे असे अडतात की तोंड मिटताना खालचा जबडा पुढे आणावाच लागतो.

मला काळजी होती ती कानापुढच्या सांध्याची. तिथे जबड्याच्या हाडाचं गोलसर टोक खोबणीत फिरतं आणि पुढे सरकतंही. तेच दिवसभर पुढे ओढून ठेवायचं म्हणजे काय होईल? म्हणून प्लेट बसवण्याआधीच मापं लिहून घ्यायला लावली. तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या-खालच्या पुढच्या दातांत ४६ मिमी अंतर भरलं (४० च्या वर असलं की साधारण ठीक). हनुवटी सरळ खाली येत होती. उजव्या कानापुढे बोट ठेवलं की बारीक ‘कट्’ लागायचा, दुखत मात्र नव्हतं. या वयात असा आवाज बऱ्याच मुलांत असतो. तो आधीच नोंदवला गेला नसता, तर खापर प्लेटवर फुटलं असतं.

सुरुवातीला लाळ, बोबडे ‘स’ आणि ‘श’, संध्याकाळी ठणकणारे गाल. भाकरी दुधात कुस्करून. हे दुखणं गालाच्या स्नायूंचं होतं, सांध्याचं नाही, आणि ते लवकर ओसरलं. पुढे मात्र सकाळी प्लेट धुवायला काढली की जबडा मागे जायलाच तयार नसायचा, दाढा एकमेकींना टेकायच्या नाहीत. मी घाबरले. डॉक्टरांनी समजावलं की हे अपेक्षितच आहे. वरचा ठोकळा थोडा थोडा घासत नेला की खालच्या दाढा वर येऊन ती फट भरते. आमची बरीचशी भरली आहे.

आज तोंड पहिल्याइतकंच उघडतं, ‘कट्’ आहे तसाच, दुखणं नाही. चेहरा छान दिसतो, पण जबडाच खूप वाढला असं मी म्हणणार नाही. या उपचारात बराच फरक दात सरकल्यामुळेही पडतो. ‘आत्ता केलं नाही तर सांधा बिघडेल’ असं कुणी म्हणालं तर घाबरून जाऊ नका. दात सरळ करण्याने सांध्याचं दुखणं टळतं याला भक्कम आधार नाही, आणि त्यानेच ते होतं यालाही नाही. मात्र जबडा मध्येच अडकला किंवा तोंड कमी उघडायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

आता तारा लागतील. त्याआधी तीच मापं पुन्हा घेणार आहोत.