डिझेल पिकअप की सीएनजीचा छोटा ट्रक? एका दिव्यानं लावलेला निकाल

आमच्या शेडपुढे आजवर तीन गाड्या उभ्या राहिल्या. पहिला 'छोटा हत्ती'. टाटांनी तो 2005 साली बाजारात आणला आणि वडिलांनी दोन वर्षं इतरांचे अनुभव ऐकून मग घेतला. दोन सिलिंडर, 702 सीसी, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. आमच्या गल्लीतला स्कूटरचा मेकॅनिकसुद्धा तो उघडून परत जोडायचा. त्यानंतर चार वर्षं डिझेल पिकअप, बीएस-6 या धुराच्या नव्या नियमांतली. आणि गेलं दीड वर्ष सीएनजीवरचा छोटा ट्रक.

तेव्हा पिकअप घेऊ की छोटा ट्रक, या विचारात जे अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. हॉर्सपॉवर, हौद्याची लांबी-रुंदी, ईएमआय हे सगळं शोरूमवाला चहा पाजून सांगतोच. गाड्यांची नावंही घेत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीची नाही, माझ्या कामाला न जुळलेल्या यंत्राची आहे.

काम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचा धंदा सोलापुरात, टॉवेलचा. सुताची पोती गोडाऊनमधून डाईंगला, डाईंगहून शेडला, विणलेला माल शिलाईला आणि शेवटी बांधलेले गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला. अक्कलकोट रोड एमआयडीसी, नीलम नगर, अशोक चौक, साखर पेठ. दिवसाचे चाळीस-पन्नास किलोमीटर होतात, पण एका दमात चार-पाचच्या वर नाही. इंजिन कुठं जरा तापतंय तोवर चावी बंद. मग तासभर गाडी उभी, हमाल माल उतरवतोय, शेजारी माग खडखडतायत.

डिझेल पिकअप घेतली तेव्हा मी खूश होतो. दीड टनाच्या आसपास माल एका खेपेत, केबिनमध्ये तीन माणसं ऐसपैस, आणि चढावर तिची ओढ बघून जुन्या हत्तीची कीव यायची. तुळजापूरला माल घेऊन गेलो तर तो चढ तिला जाणवायचासुद्धा नाही. पहिले सात-आठ महिने मी भेटेल त्याला हीच घ्या म्हणून सांगत होतो. त्यातल्या दोघांनी ऐकून घेतलीही, आणि ते आजही समाधानी आहेत, हे आधीच कबूल करतो.

मग तो दिवा लागला.

मीटरमध्ये एक पिवळा दिवा असतो. सायलेन्सरसारखी पेटी आणि तिच्यात ठिपके. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, तेव्हापासून बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी असते, डीपीएफ. मधाच्या पोळ्यासारखी बारीक. धुरातली काजळी ती अडवते, आणि पुरेशी काजळी साठली की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून ती जाळी सहाशे अंशांच्या घरात तापवते आणि काजळी जाळून टाकते. कल्पना उत्तम आहे, धूर खरंच दिसत नाही. पण एवढं तापायला गाडी वीस-पंचवीस मिनिटं न थांबता बऱ्यापैकी वेगात पळायला हवी. अशोक चौकातून साखर पेठेत जाणारी गाडी वीस मिनिटं न थांबता पळाली, तर ती टीव्हीवर दाखवावी लागेल. जाळी तापायला लागते, तेवढ्यात आम्ही पोचतो आणि चावी बंद करतो. अर्धवट जळलेली काजळी तिथंच, वर दुसऱ्या दिवशीची.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा आम्ही दुर्लक्ष केलं. जुन्या गाडीत दिवे लागत आणि आपोआप विझतही. ते साल गड्ड्याच्या जत्रेचं होतं, म्हणजे गड्डा दरवर्षीच असतो, पण त्या वर्षी आमचा मालही नेमका त्याच दिवसांत निघाला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत शहरातले रस्ते कसे होतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. अकरा गठ्ठे भरून गाडी निघाली आणि गर्दीत पाऊण तास मुंगीच्या चालीनं सरकत राहिली. ड्रायव्हरचा फोन आला, "मालक, दिवा आता लुकलुकायलाय. आन् गाडी वढंना झालीय."

गाडी बंद पडली नव्हती. तिनं स्वतःला आवरून घेतलं होतं. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी सायकलीच्या पुढं जाईना. ट्रान्सपोर्टचं बुकिंग बंद व्हायला अर्धा तास. शेवटी दुसऱ्याचा टेम्पो बोलावला, रस्त्याच्या कडेला गठ्ठे या गाडीतून त्या गाडीत टाकले, यात्रेला आलेली मंडळी बघत उभी. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात लॅपटॉप जोडून त्यांनी उभ्या गाडीच्या जाळीतली काजळी जाळली. अर्धा दिवस आणि बिल. निघताना तिथला माणूस अगदी आपुलकीनं म्हणाला, "गाडी अधूनमधून हायवेला पळवत जा."

म्हणून आम्ही ती पळवायला लागलो. दहा-बारा दिवसांनी दिवा लागला की ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन पुणे रोडला लागायचा, सावळेश्वरचा टोल यायच्या आत वळायचा, चहा पिऊन परत. जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दीड तास. एक दिवा विझवायला एवढं डिझेल जाळणारा सोलापुरात मी एकटा नसेन, पण हिशेबाच्या वहीत त्याला कुठल्या नावानं टाकायचं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की दिवा नेमका गुरुवारी लागायला लागलाय, आणि गाडी पुणे रोडऐवजी अक्कलकोट रोडनं बाहेर पडतेय. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "रस्ता मोकळा हाय की मालक तिकडं." स्वामींचं दर्शनही होत होतं, जाळीही साफ होत होती. मी काही बोललो नाही.

खरं खटकलं ते त्यानंतर. इंजिन ऑइल बघायला डिपस्टिक काढली, तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी खुणेच्या वर चढलेलं. वास डिझेलचा. जाळी तापवायला सोडलेलं डिझेल पूर्ण जळायच्या आत गाडी बंद केली, की त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर इंजिन चालवायचं म्हणजे काय, हे हत्तीच्या काळापासून माहीत होतं. म्हणजे ऑइल वेळेआधी बदला. गाडी बिघडलेली नव्हती, तिच्यात काही दोषही नव्हता. आम्ही तिला चुकीच्या गावात आणलं होतं, एवढंच.

आता सीएनजीची बाजू. माझं मत कुठं झुकतंय ते एव्हाना कळलंच असेल, म्हणून तिची गाऱ्हाणीही मोकळेपणानं सांगतो.

पहिलं म्हणजे ओढ. आतलं इंजिन पेट्रोलचंच, ते गॅसवर चालतं, त्यामुळे डिझेलची ताकद विसरा. तुळजापूरच्या चढाला भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो. दुसरं, माल. गॅसची टाकी वजनानं कमी नसते, ती आपल्याच वाट्यातून वजा होते. पिकअपच्या एका खेपेच्या जागी इथं दोन खेपा धरायच्या. तिसरं, रांग. पुण्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यावर पंप आपल्याकडे नाहीत, कधी पंपावर गॅसची गाडी आली नसते, कधी प्रेशर नसतं. प्रेशर 200 बारच्या खाली असेल तर टाकी भरली असं म्हणायचं फक्त. त्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला की गरम गॅस टाकीत कमीच मावतो. हिवाळ्यात जेवढं अंतर जायचो त्यापेक्षा मेमध्ये पंधरा-वीस किलोमीटर कमी, असा माझा अंदाज. मोजमाप काही केलेलं नाही.

आणि चौथं, जे कुणी सांगत नाही. या छोट्या ट्रकांत इंजिन बहुधा सीटच्या खाली असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता त्या सीटवर बसणं ही शिक्षा आहे. आमच्या ड्रायव्हरनं उपाय काढलाय. शेडमधला डागाळलेला टॉवेल ओला करून, पिळून, दुहेरी घडी घालून सीटवर टाकतो. तासाभरात तो खडखडीत वाळतो, मग दुसरा. आमच्या धंद्यात डागी मालाची कमतरता नाही, म्हणून निभावतं. तुम्ही तुमची सोय बघा.

याशिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, करून घ्यावी लागते. तो एक दिवस जातो.

एवढं असूनही मी सुखी आहे, कारण सकाळी चावी फिरवल्यावर मीटरकडे बघायला लागत नाही. थोडा वेळ पेट्रोलवर चालते, मग आपोआप गॅसवर जाते, आणि दिवसातून वीसदा बंद-चालू केलं तरी तिची कुरकुर नाही. दीड वर्षात ऑइल, फिल्टर, एकदा प्लग, एकदा क्लचची केबल. रांगेची कटकट आहेच, पण ती मला आधी माहीत असते. ड्रायव्हर संध्याकाळी उशिरा, शेड बंद झाल्यावर भरायला जातो, माल गाडीत नसताना. दिवा मात्र अकरा गठ्ठे गाडीत असतानाच लागायचा. फरक म्हणाल तर माझ्या लेखी तेवढाच, पण त्यानंच ठरवलं.

खर्चाचं म्हणाल तर सीएनजी पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही, आणि दोन खेपांमुळे किलोमीटर वाढलेत. तरीही माझ्या वहीत महिन्याचा इंधनाचा आकडा थोडा खालीच आलाय. मुख्य बचत हप्त्यात आहे, गाडीच मुळात काही लाखांनी स्वस्त. दोन खेपांचा एक फायदा असाही की ओव्हरलोड करायचा मोह होत नाही. पिकअप पेलते, म्हणून माणूस टाकतच जातो. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आहे. छोट्या ट्रकचे स्प्रिंगचे पाटेच आधी सांगतात, बस झालं.

कागदपत्रांचं फार डोक्यात घेऊ नका. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. छोटे ट्रक त्यात आरामात बसतात, पिकअपमध्ये मात्र मॉडेल बघून घ्या, काही वर जातात. फिटनेस दोन्हींना सारखंच, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. ड्रायव्हरच्या लायसनची भानगडही संपली. 7,500 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं.

मग पिकअप कुणी घ्यावी? सांगोल्याहून डाळिंब, मोहोळहून द्राक्षं, कुठूनही कांदा मार्केट यार्डात आणणाऱ्यांनी माझं अजिबात ऐकू नये. रोज एका दमात पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या गाडीची जाळी वाटेतच साफ होते, कुणाला कळतही नाही. त्यांना ओढही हवी आणि एका खेपेत मालही. पण पाण्याचे जार वाटणारे, मंडपवाले, किराणा पोचवणारे, आणि आमच्यासारखे पेठांतून सूत फिरवणारे, यांनी डिझेलची सही करण्याआधी एक आठवडा आपली गाडी दिवसात किती वेळा बंद होते ते मोजावं. माझ्या ओळखीत शहरातल्या शहरात डिझेल पिकअप चालवणारे आणखी तिघं आहेत. तिघांनाही पुणे रोडवरची चहाची टपरी पाठ आहे.

आमची पिकअप मंगळवेढ्याच्या मेहुण्यानं घेतली. तो ज्वारी-हरभरा घेऊन आठवड्यातून चार दिवस सोलापूरच्या यार्डात येतो. नात्यातला व्यवहार, म्हणून दिव्याची सगळी कथा मी त्याला आधीच सांगितली होती, गुरुवारसकट. आठ महिने झाले. परवा फोनवर सहज विचारलं, दिवा किती वेळा लागला? तर म्हणाला, "दाजी, एकदाही नाही ओ. मला तर वाटायलंय बल्बच गेलाय."

मी म्हटलं, चावी फिरवून बघ, सुरू करताना सगळे दिवे एकदा लागतात. तो फोन हातात घेऊन गाडीपर्यंत गेला. दार उघडल्याचा आवाज आला, मग चावीचा.

"लागला की. ... विझला पण."