जलरंगातील चित्रांच्या फ्रेम : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

वडिलांनी काढलेली जलरंगातील निसर्गचित्रे मी उन्हाळ्यात साताऱ्यातील एका कारागिराकडून नव्याने फ्रेम करून घेतली. त्यावरून इथला एक सबंध पावसाळा गेला असल्याने आता त्या कामाविषयी खात्रीने लिहिता येईल.

पूर्वीच्या दुकानदाराने चित्रांचे कागद डिंक लावून पुठ्ठ्यावर सपाट चिकटवले होते. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. त्याला हलायला जागा ठेवली नाही की त्यावर लाटा उठतात, आणि हलक्या पुठ्ठ्यातील आम्ल कागदात उतरून तो हळूहळू तपकिरी पडतो. राजा रविवर्म्यांची चित्रे जपणारे औंधचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८ पासून याच जिल्ह्यात असले, तरी कागदावरच्या चित्राची नड ओळखणारा फ्रेमवाला इथेही शोधावाच लागतो.

बहुतेक दुकानांत गिऱ्हाईक आत शिरताच फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने पुढे येतात. या कारागिराने मात्र चित्र कोणत्या रंगांत आहे, ते कोणत्या भिंतीवर लागणार आणि तिथे ऊन किती वेळ असते, हे आधी विचारले. नंतर त्याने दुसऱ्या कोणाची तरी तयार फ्रेम उलटी करून पाठ दाखवली, आणि माझा निर्णय तिथेच झाला. पट्टीची झळाळी कोणालाही विकत आणता येते. कारागिराचा हात कळतो तो पाठीवरूनच.

माझे प्रत्येक चित्र केवळ वरच्या काठाशी, जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्यांवर गव्हाच्या खळीने टांगलेले आहे. ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कधी चित्र बाहेर काढावे लागले तरी कागदाला इजा होणार नाही. सेलोटेपबद्दल असे म्हणता येत नाही. माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त असून त्याच्या खिडकीचा ४५ अंशांचा तिरका काप इतका नेमका आहे की, कोपऱ्यात पाते पुढे घसरल्याची रेघ भिंगातूनही दिसत नाही. माउंटच्या जाडीमुळे काच रंगाला टेकत नाही, आणि पावसाळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचे ठरते, कारण काचेच्या आतल्या बाजूला दव धरले तर टेकलेला कागद तिला चिकटतो किंवा त्यावर बुरशी येते. काच अतिनील किरण अडवणारी आहे. ती महाग पडते आणि उन्हापासून पूर्ण अभयही देत नाही, म्हणून पश्चिमेची भिंत टाळण्याचा त्याचा सल्ला मी मानला.

पावसाळा सरल्यावर एक फ्रेम त्याच्याकडूनच उघडून पाहिली. कागद सपाट होता. बुरशीचे ठिपके किंवा कसर कुठेही आढळली नाही. खालच्या कोपऱ्यांना लावलेल्या रबरी गुट्ट्यांमुळे फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळत राहिली होती. एका फ्रेमच्या कोपऱ्याचा सांधा मात्र केसभर उघडला होता. लाकूड ओलाव्याने हलते हे मान्य केले तरी एवढ्या पैशांत ते खटकलेच. त्याने सांधा विनामूल्य बसवून दिला.

खर्च साध्या फ्रेमच्या दुपटीहून अधिक आला. छापील पोस्टरसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, हे त्याने स्वतःच सांगितले होते. वेळेच्या बाबतीत मात्र त्याचा भरवसा धरू नये : कबूल केलेली तारीख दोनदा पुढे गेली, तेव्हा दिवाळीला कोणाला चित्र भेट द्यायचे असेल, तर ते गणपतीपूर्वीच त्याच्या हाती सोपवलेले बरे.