थर्मोस्टॅटिक शॉवर मिक्सर: मुलं एकटी आंघोळ करायला लागल्यावर उपयोग होतो का?

थर्मोस्टॅटिक मिक्सर म्हणजे शॉवरचा असा नळ की ज्याच्या एका टोकाच्या नॉबवर अंश लिहिलेले असतात आणि दुसऱ्या टोकाचा नॉब पाणी चालू-बंद करतो. आमच्याकडे बसवून बरेच महिने झाले. घेतला तो लेकीसाठीच, वय वर्षं सात, आणि तिचं "तू बाहेर थांब, माझी मी करते" सुरू झालं होतं. मला खरी धास्ती एकाच गोष्टीची होती, गरम पाण्याची. घेतल्याचं समाधान आहे, या वयाचं मूल घरात असेल तर विचार करावाच असं मी म्हणेन, पण सगळ्यांच्या बाथरूममध्ये तो नीट चालेलच असं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

गरम पाण्याचीच भीती का, तर बाकीचं सगळं मूल हळूहळू शिकतं हो, साबण कुठे लावायचा, कानामागे घासायचं, पाय शेवटी धुवायचे वगैरे, पण पाणी किती गरम आहे हे त्याला अंगावर पडल्यावरच कळतं आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. टाकीच्या गीझरमधलं पाणी बऱ्याच घरांत ६० अंशांच्या आसपास असतं. एवढ्या गरम पाण्याने मोठ्या माणसालासुद्धा पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. त्यात चटका बसला की मूल नळ बंद करत नाही, घाबरून मागे सरकतं आणि साबणाच्या पाण्यावरून घसरतं. एका दांडीच्या साध्या मिक्सरला तर नुसता कोपर लागला तरी दांडी पार गरमच्या बाजूला जाते.

मग गीझरच कमी तापमानावर ठेवला तर काय बिघडलं, असं आमच्याकडेही विचारून झालं. टाकीत पाणी कायम कोमट राहिलं तर त्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात, म्हणून टाकीतलं पाणी नीट तापू द्यायचं आणि नळाशी ते सुरक्षित करायचं हा जास्त बरा मार्ग. हा मिक्सर तेच करतो. आत मेण भरलेली छोटी कांडी असते, गरम पाणी लागलं की मेण फुगतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते, गार झालं की उलटं. वीज नाही, सेल नाही. पूर्वी कोणी स्वयंपाकघरात नळ सोडला की शॉवरचं पाणी एकदम कढत यायचं, ते पूर्ण थांबलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गार पाणी अचानक गेलं तर हा गरमही तोडतो. मी गार पाण्याचा कॉक मुद्दाम बंद करून बघितलं, धार लगेच बारीक होऊन थांबली. बसवल्यावर तुम्हीही हे करून बघा, फक्त शॉवरखाली कोणी उभं नसताना.

नॉब ३८ अंशांवर अडतो, पुढे न्यायचा तर बटण दाबून फिरवावा लागतो. आंघोळीला ३७-३८ अंश भरपूर होतात. पण बटण मुलांनाही दाबता येतं हे लक्षात घ्या, सात वर्षांच्या बोटात तेवढा जोर असतोच, त्यामुळे नुसत्या बटणावर विसंबू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये नॉबच्या आत कमाल तापमानाची वेगळी मर्यादा लावता येते, ती प्लंबरकडून लावून घ्या आणि मग थर्मामीटर धरून खात्री करा. आमच्या नॉबवर ३८ दिसत होतं आणि पाणी त्याहून गरम येत होतं, माहितीपत्रकात बघून नॉब परत जुळवावा लागला.

आता तक्रारी. बसवायला आलेल्या प्लंबरने गरम-गारच्या लाइन उलट्या जोडल्या होत्या. साध्या मिक्सरला ते एक वेळ चालून जातं, याला अजिबात चालत नाही कारण आतली रचनाच गरम डावीकडून येणार असं धरून केलेली असते, तेव्हा तो जायच्या आधी पाणी सोडून बघा. दुसरं, गरम आणि गारच्या प्रेशरमध्ये फार फरक असेल तर हा नीट चालत नाही. तिसरं, टाकी नसलेला छोटा इन्स्टंट गीझर असेल तर जास्त विचार करा, कारण मिक्सर गरम पाणी थोडंच घेतो, तेवढ्या बारीक धारेवर काही गीझर बंदच पडतात आणि पाणी गरम-गार-गरम असं येत राहतं.

हे सगळं झालं नळाचं. मूल तयार आहे का, हे नळ बसवून ठरत नाही आणि मला वाटतं आपण दोन गोष्टींची गल्लत करतो, स्वतःच्या हाताने आंघोळ करणं वेगळं आणि बाथरूममध्ये एकटं असणं वेगळं. पहिलं चार वर्षांचं मूलही करतं, आपण शेजारी बसायचं. दुसऱ्यासाठी थांबायला हवं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला भरलेल्या टबाजवळ किंवा बादलीजवळ मिनिटभरही एकटं सोडू नका, अगदी थोड्या सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि आवाजसुद्धा येत नाही. फिट्स येणारं मूल असेल तर वय कितीही असो, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकटं नाहीच. आणि गॅस गीझर बाथरूमच्या आतच असेल तर हा मिक्सर नंतर, आधी तो गीझर बाहेर काढा. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, मोठी माणसंसुद्धा यात गेली आहेत.

माझ्या लेकीच्या बाबतीत मी वयापेक्षा काही गोष्टी बघितल्या. डोळ्यात साबण गेला तर ती उड्या मारते का जागेवर उभी राहून डोळे धुते. डोळे मिटलेले असताना हाताने चाचपून नळ बंद करता येतो का. बाहेरून हाक मारली तर ओ देते का, आणि हे महत्त्वाचं, रुसलेली असते तेव्हाही देते का. ज्या दिवशी झोप झालेली नाही, चिडचिड आहे, त्या दिवशी नियम पाळते का. हे जमायला लागलं तेव्हा मी बाथरूमच्या आतून दाराबाहेर आले. खाली सक्शनची मॅट आहेच, पण ती गुळगुळीत फरशीवरच धरते, खरखरीत फरशीवर सरकते, म्हणून रोज पायाने ढकलून बघायची. दार लावायचं, कडी नाही.

तिला कोणी बघायला नको असतं ते मी मनापासून मानते. अंगाची कुठली जागा कशी धुवायची हे एकदा नीट, न लाजता शिकवलं की तिथे आपला हात लागायची गरजच उरत नाही आणि तिचं अंग तिचं आहे हेही त्यातच शिकवून होतं. फक्त केस धुवायच्या दिवशी अजून मी आत जाते, लांब केसांतला शॅम्पू तिला पूर्ण काढता येत नाही.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो क्षारांसाठी. जड पाणी असेल तर आतल्या जाळ्या भरतात, धार बारीक होते, मग ते खोलून साफ करावं लागतं. अधूनमधून नॉब पूर्ण गारपासून पूर्ण गरमपर्यंत फिरवत राहिलं तर तो जाम होत नाही, ते काम मी लेक शाळेत असताना करते.